वाद्याचा टंच

खामगावला 'रजतनगरी' म्हणतात. चांदी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तिथला जाणता सराफ प्रथम भाव सांगत नाही. तो वस्तू हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, वजन करतो, टंच काढतो आणि मग दराची भाषा बोलतो. वस्तूवर कोणाचा छाप आहे याला त्याच्या लेखी मान आहे; पण छाप हा पुरावा नव्हे, तो केवळ दावा होय, हे त्याला पक्के ठाऊक असते. आपल्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही शिस्त एका अगदी निराळ्या वस्तूला लावून पाहण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी माझ्यावर आला. ती वस्तू म्हणजे एक जुनी इलेक्ट्रिक गिटार.

मलकापूरच्या बाजूला राहणारे एक कॅथलिक कुटुंब. मूळचे गोव्याचे, पण आजोबा रेल्वेत लागले, भुसावळला चाकरी झाली आणि निवृत्तीनंतर घराने इकडेच मूळ धरले. घरातल्या नातीला परिचारिकेच्या शिक्षणक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि पहिल्या वर्षाच्या शुल्काची जुळवाजुळव चालली होती. अशा वेळी पत्र्याच्या ट्रंकेतली ती गिटार बाहेर निघाली. तिच्या माथ्यावर फेंडर या जगप्रसिद्ध अमेरिकन कारखान्याचे नाव होते. एक नातेवाईक म्हणाला, "ही लाखांची वस्तू आहे." जुन्या सामानाचा एक व्यापारी म्हणाला, "भंगार आहे, फार तर शोभेला टांगता येईल." वाद्यांचा मला थोडाफार नाद आहे हे ठाऊक असल्याने आजींनी मला निरोप धाडला. त्यांचा प्रश्न सरळ होता : "ही कोण आहे, आणि हिचे न्याय्य मोल काय?"

या दोन प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. ओळख आधी, मोल नंतर. आणि ओळख पटवायची तर त्या वाद्याचे कुळ, म्हणजेच इतिहास, ठाऊक असावा लागतो.

वाद्याचे कुळ

इलेक्ट्रिक गिटारचा जन्म फार जुना नाही. १९३१ साली अमेरिकेत जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या प्रयत्नांतून तव्यासारख्या आकाराची ॲल्युमिनियमची एक गिटार तयार झाली. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवायचे. पोलादी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. तो ध्वनिवर्धकाने मोठा करायचा, अशी ही युक्ती. या उपकरणालाच पिकअप म्हणतात. बोशँप यांना त्याचे एकस्व १९३७ साली मिळाले. ही पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवर सरकवत वाजवायची होती. हवाई बेटांतल्या संगीताची त्या काळी साऱ्या जगाला मोहिनी पडली होती, तिचाच हा परिणाम.

१९५० साली लिओ फेंडर यांनी भरीव लाकडी धडाची गिटार बाजारात आणली. १९५२ साली गिब्सन कंपनीने लेस पॉल या वादकाच्या नावाची गिटार काढली आणि १९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. आज जगभर दिसणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी या दोन-तीन घराण्यांच्याच लेकी किंवा नकला आहेत. १९६५च्या आरंभी फेंडर कंपनी सीबीएस या मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतली. त्यापूर्वीच्या आणि त्यानंतरच्या फेंडर गिटारींमध्ये संग्राहक आजही भेद करतात आणि किमतीतही तो भेद उतरतो.

भारतात हे वाद्य रुजले ते प्रथम हवाई पद्धतीच्या मार्गाने. मूळचे लखनौचे असलेले ख्रिस्ती वादक वॅन शिप्ली यांनी आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या कल्पनेने घडवून घेतली आणि तिच्यावर चित्रपटगीतांच्या चाली वाजवून घरोघरी नाव मिळवले. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्यापाशी शिक्षण घेतलेला हा कलावंत २००८ साली मुंबईत निवर्तला. दुसरी वाट गोव्याची. तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली मुले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला येत राहिली. मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनी आणि संगीत-नियोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद घडवला. त्या वाद्यवृंदात व्हायोलिन आणि ट्रंपेटच्या मागोमाग इलेक्ट्रिक गिटारही आली. पुढे तरुणांच्या 'बीट' वृंदांचा काळ आला. 'सिमला बीट' या अखिल भारतीय स्पर्धेतील वृंदांच्या ध्वनिमुद्रिका १९७० आणि १९७१ साली निघाल्या, यावरून त्या लाटेची उंची कळते.

देवळाच्या दारात

आपल्या वाचकांना प्रश्न पडेल की हे वाद्य मिस्सेच्या वेळी वाजू कसे लागले? १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जे फर्मान काढले, त्यात पियानोलासुद्धा देवळात मज्जाव होता. ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांची तर बातच नको. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्याच्या १२०व्या कलमात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला शोभणाऱ्या इतर वाद्यांनाही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडण्यात आले. मार्च १९६७ मधील पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने लोकांच्या संस्कृतीचा आणि परंपरेचा विचार करण्यास सांगितले.

बुलढाणा जिल्हा ज्यात येतो तो अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा होऊन स्थापन झाला होता. उपासना मराठीत होऊ लागली तशी पेटी आणि तबला यांना आपल्याकडे हक्काची जागा मिळाली. गिटार मात्र तरुणांच्या खांद्यावरून, थोड्या संकोचानेच आत आली. 'हे परकीय वाद्य कशाला?' असे विचारणारे वडीलधारे मी पाहिले आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ज्या पेटीला आपण अस्सल देशी समजतो, त्या हार्मोनियमचे एकस्व १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी घेतले होते आणि आपल्या आकाशवाणीनेच १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती. परकेपण वाद्याच्या जन्मगावात नसते. आपण त्याला किती वर्षे घरात नांदवले यावर ते सरते.

रेल्वे आणि गोदी

मलकापूरच्या त्या ट्रंकेपर्यंत ही गिटार पोहोचली कशी, याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या भूगोलात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची नागपूरकडे जाणारी वाट १८६७ साली पूर्ण झाली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके तिच्यावर आहेत. १८७० साली कापसाच्या व्यापारासाठी जलंबहून खामगावची शाखा निघाली. कापूस मुंबईच्या गोदीकडे गेला आणि त्याच रुळांवरून रेल्वेची माणसे उलट दिशेने वऱ्हाडात आली. त्यांत गोव्याची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे होती. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत व्हायोलिन होते, नृत्याच्या संध्याकाळी होत्या, आणि नाताळात ते सूर आसपासच्या स्थानकांवरही पोचत.

गोव्याच्या घरातला एक भाऊ रेल्वेत, तर दुसरा बोटीवर, ही त्या काळची नेहमीची वाटणी. धोबीतलावच्या गावोगावच्या 'कुडां'त खलाशी बोटीची वाट पाहत राहत आणि परत येताना जपानची, सिंगापूरची नवलाई घेऊन येत. हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. कारण १९५७च्या परकीय चलनटंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले आणि १९९१च्या आर्थिक उदारीकरणापर्यंत परदेशी गिटार दुकानात सहज मिळण्यासारखी नव्हती. ती येई ती माणसाच्या हातून. म्हणून आपल्याकडच्या जुन्या परदेशी गिटारीची ओळख पटवताना कारखान्याच्या वहीइतकीच घरातल्या माणसांची वहीही वाचावी लागते.

चार कसोट्या

आता परीक्षेकडे वळू. मी ती गिटार खिडकीजवळच्या उजेडात घेतली. तारा ढिल्या केल्या आणि चार गोष्टी पाहिल्या.

पहिली गोष्ट नाव. नावावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा, कारण ते सर्वांत सहज बदलता येते. आपल्या देशात तर नावांचे साम्यही फसवे असते. कोलकात्यात तयार होणाऱ्या 'गिव्हसन' गिटारीला घाईत कोणी गिब्सन म्हणून वाचले तर नवल नाही. या गिटारीच्या माथ्यावरचे नाव कागदी होते आणि त्याखाली बोट फिरवले असता दोन बारीक भोके हाताला लागली. तिथे पूर्वी धातूची पट्टी ठोकलेली असणार.

दुसरी गोष्ट क्रमांक. १९७७ पासून पुढे बरीच वर्षे गिब्सनच्या माथ्यामागे आठ अंक उमटवले जात. त्यांतला पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होते आणि मधले तीन अंक त्या वर्षातला दिवस सांगतात. समजा ८२७६५५०१ असा क्रमांक आहे, तर ते वाद्य १९८५ सालच्या २७६व्या दिवसाचे, म्हणजे ३ ऑक्टोबरचे. फेंडरचा क्रमांक १९७६ पर्यंत बहुधा दांडी आणि धड जोडणाऱ्या पत्र्यावर असे. पण हे पत्रे पेटीतून हाताला येईल तसे बसवले जात, म्हणून केवळ क्रमांकावरून नेमके वर्ष ठरत नाही. अंकही कधी कधी दिशाभूल करतात. गिब्सनच्या प्रसिद्ध दुहेरी पिकअपांवर अनेक वर्षे जो एकस्व-क्रमांक छापला गेला, तो त्या पिकअपचा नव्हताच. तो तारा अडकवण्याच्या दुसऱ्याच एका भागाचा होता! आमच्या गिटारीच्या पत्र्यावर क्रमांक नव्हता. तिथे इंग्रजीत तीन शब्द कोरलेले होते : 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक'. दांडीत पोलादी आधार आहे, एवढाच त्यांचा अर्थ. १९६०च्या दशकातल्या अनेक जपानी गिटारींवर, विशेषतः टेस्को घराण्यातल्या, हे शब्द आढळतात.

तिसरी गोष्ट पोट. मागचे झाकण उघडून आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांचे तळ पाहावेत. अमेरिकन बनावटीच्या भागावर बहुधा अंकांची ओळ असते : पहिले तीन अंक कारखान्याचे, पुढचे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६१२ असे असेल तर तो भाग सीटीएस या कारखान्याचा, १९६६ सालच्या १२व्या आठवड्यातला. गिटार त्या भागाआधीची असूच शकत नाही, हे एक मोलाचे प्रमाण. मात्र तो भाग मागाहून बदललेला नाही ना, हे जोडाची झाळ पाहून ठरवायचे. कारखान्याची जुनी झाळ मंद पडलेली असते, नव्या झाळीची चकाकी वेगळी दिसते. आमच्या गिटारीत अशी ओळ नव्हती आणि झाळीला कोणाचा हात लागलेला दिसत नव्हता. पिकअपच्या पोकळीच्या कडेला लाकडाचे थर स्पष्ट दिसले. ते अखंड लाकूड नव्हते, थरांचे प्लायवूड होते. फेंडरच्या अस्सल स्ट्रॅटोकास्टरचे धड असे नसते.

चौथी गोष्ट दांडी. या गिटारीला माथ्याजवळ एक जादा पडदा होता. त्याला शून्य पडदा म्हणतात. त्या काळच्या जपानी आणि युरोपीय गिटारींत तो वारंवार दिसतो, फेंडरमध्ये दिसत नाही. दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी पाहिली तेव्हा तिला किंचित बाक आलेला आढळला. सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० ते ५० किलो असतो. तो वर्षानुवर्षे तसाच राहिला आणि त्यात आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा पत्र्याच्या ट्रंकेत साठला, तर लाकूड वाळून आक्रसते आणि पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांना टोचू लागतात. इथे नेमके तेच झाले होते.

निदान स्पष्ट होते. ही अमेरिकन फेंडर नव्हे. १९६०च्या दशकातली जपानी गिटार होय.

नाव कोणी चिकटवले?

हे सांगणे मला जड गेले. खोलीत सगळे बसले होते. नातही होती. मी बोलून थांबलो तसा थोरला मुलगा, जो आता पन्नाशी ओलांडलेला आहे, खाली पाहत म्हणाला, "आई, ते नाव मीच चिकटवलं. लग्नाच्या वरातीत वाजवायचो ना आम्ही. जपानी म्हटलं की लोक हसायचे. अमेरिकन म्हटलं की बिदागी वाढायची."

आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग उठून आत गेल्या आणि दिरांची खलाशीपणाची वही घेऊन आल्या. खलाशी लोक तिला 'नळी' म्हणत. तिच्यात घडी घातलेली एक पावती होती : मुंबई गोदीत कस्टमला भरलेल्या जकातीची, १९६८ सालची, एका जपानी बनावटीच्या विजेच्या गिटारीबद्दलची. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या काकाने कर भरून, खरं नाव सांगून आणली होती रे. आता विकायची तर त्याच नावाने वीक."

त्या वेळी कोणी काही बोलले नाही. परंतु 'तू खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा बाजारातही लागू असते, हे त्या घराला नव्याने शिकवण्याची गरज उरली नव्हती.

मोल कशाचे?

राहिला दुसरा प्रश्न. जुन्या गिटारीचे मोल ठरवताना जाणकार कारखाना, वर्ष, मूळपणा, अवस्था, कागदपत्रे आणि मागणी या गोष्टी एकत्र पाहतात. १९६५ पूर्वीची अस्सल स्ट्रॅटोकास्टर आज हजारो, कित्येकदा दहादहा हजार डॉलरांना जाते. त्याच दशकातली सामान्य जपानी गिटार काही शे डॉलरांत मिळते. एका नावाच्या खोटेपणात केवढा फरक दडलेला असतो, हे यावरून उमगेल.

मूळपणाचे महत्त्व घरगुती विक्रेत्याला सहसा ठाऊक नसते. विकण्यापूर्वी वस्तू 'छान दिसावी' म्हणून तो तिला नवा रंग देतो. नामांकित जुन्या गिटारीला नवा रंग दिला की संग्राहकांच्या बाजारात तिची किंमत साधारण निम्म्यावर येते. माथा मोडून सांधलेला असेल तरी तसेच घडते. उलट पडद्यांची झीज हा वापराचा स्वाभाविक भाग. तिच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायचा, इतकेच. म्हणून रंग देऊ नये, घासूनपुसून चकचकीत करू नये, काढलेला जुना भाग टाकू नये. पिकअप जिवंत आहे की नाही हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या साध्या मीटरनेही कळते. एकेरी पिकअपचा रोध बहुधा ५ ते ७ हजार ओहम भरतो. मीटर काहीच दाखवीत नसेल तर आतली तार तुटलेली समजावी.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या मनातून जायला हवी. 'जपानी' म्हणजे हलके, हा समज आता जुना झाला. जपानी कारागीर १९७०च्या दशकात इतके पुढे गेले की १९८२ साली फेंडरनेच जपानमध्ये आपली शाखा काढली, आणि त्या पहिल्या वर्षांच्या गिटारींना आज संग्राहक आदराने शोधतात. १९६०च्या दशकातल्या साध्या जपानी गिटारींनाही त्यांच्या विचित्र आकारांमुळे आणि खरखरीत आवाजामुळे चाहते मिळाले आहेत. त्या मुलाने ज्या नावाची लाज बाळगली, त्या नावालाही काही किंमत होती.

आम्ही एक कागद तयार केला. त्यात गिटार जपानी असल्याचे, माथ्यावरचे नाव मागाहून लावल्याचे, दांडीला बाक असल्याचे, आतली झाळ मूळची असल्याचे स्पष्ट लिहिले आणि पावतीची प्रत जोडली. पुण्याच्या एका संग्राहकाने ती घेतली. रक्कम लाखांची नव्हती, तशी ती भंगाराचीही नव्हती. त्याने सांगितले की पावती नसती तर त्याने एवढी किंमत दिली नसती. कारण कोणत्या बंदरात, कोणत्या वर्षी वाद्य भारतात आले हे सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो. शुल्काचा पहिला हप्ता त्या पैशातून गेला. उरलेल्या रकमेसाठी थोरल्या मुलाने कर्ज काढले.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांच्या माळ्यांवर आणि घरांच्या ट्रंकांत अशी कितीतरी वाद्ये पडून असतील : भात्याच्या पेट्या, पायपेट्या, व्हायोलिने, गिटारी. त्यांतली फारच थोडी लाखमोलाची निघतील. तरीही प्रत्येक धर्मग्रामाने एक वही घालावी. वाद्य कोणते, कोणी आणले, कधी आणले, कोणी वाजवले, दुरुस्ती कोणी केली, हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे आणि जुन्या पावत्या, छायाचित्रे तिच्यात जोडावी. पोटातल्या अंकांवरून कारखाना आणि आठवडा कळेल. पण भुसावळच्या रेल्वेतल्या भावासाठी बोटीवरच्या भावाने ती आणली, हे कोणत्याही अंकांत लिहिलेले नसते. ते सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.